शेवटची पायरी ताईंची

सोमवार, ४

आज घडलं ते असं.

१. गाडी वेळेवर पोचली. उतरवून घ्यायला ताईंचे मामा आले होते.
२. दोन्ही बॅगा शाबूत. एक कपड्यांची, एक साहित्याची.
३. खोली मिळाली. खिडकी बागेकडे, टेबल खिडकीशी, दिवा चालतो.
४. ताईंची पहिली तपासणी झाली.
५. जेवताना दोनदा आग्रह झाला. दोन्ही वेळा मी हरले.

आमच्या पुनर्वसन केंद्रात पेशंट येतात, तिथल्या नकली ओट्यावर चहा करायला शिकतात आणि घरी गेल्यावर स्वतःच्या ओट्यासमोर अडकून उभे राहतात. म्हणून या वेळी केंद्राच्या मॅडमनी थेरपिस्टलाच घरी पाठवायचं ठरवलं. महिनाभर इथेच राहायचं, इथल्याच भांड्यांवर, इथल्याच दारांवर काम करायचं. मला एकटीला दिलेलं हे पहिलं घर. मला आनंद झाला आहे. कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

घरात तीन माणसं. ताई, चाळिशीच्या. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. काठी घेऊन चालतात. उजवी मूठ अर्धवट उघडते. समज पूर्ण, बोलणं एकेका शब्दाचं. त्यांची आई, त्यांना मी काकू म्हणते. आणि काकूंचे धाकटे भाऊ, म्हणजे मामा. मी टेप लावून दारांची रुंदी आणि ओट्याची उंची मोजत होते, तेव्हा त्यांनी विचारलं की घर विकत घ्यायचा विचार आहे का. मग माझं नाव इंजिनीअर ठेवून टाकलं.

जेवताना एक गंमत पाहिली. मामा चमचा भरतात, हनुवटीपर्यंत आणतात आणि थांबतात. काकू बोलता बोलता त्यांचं मनगट जरा वर ढकलतात, मग घास तोंडात जातो. प्रत्येक घासाला हेच. मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर मामांनी डोळा मिचकावला, म्हणाले राजेशाही थाट आहे, इंजिनीअर. काकू म्हणाल्या, साठी उलटली तरी याचे लाड काही संपत नाहीत. मीही हसले. हाताला कंप नव्हता, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

बुधवार, ६

न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवून घेतला. ओट्यावर रबरी चटई घातली, म्हणजे पातेलं एका हाताने ढवळलं तरी सरकणार नाही.

मग बटणं. नवीन काम शिकवताना आम्ही शेवटून सुरुवात करतो. आधीच्या सगळ्या पायऱ्या थेरपिस्टने करायच्या आणि फक्त शेवटची पेशंटने. ती जमली की शेवटच्या दोन. मग तीन. असं मागे मागे येत राहायचं. याचा फायदा असा की पेशंटचा प्रत्येक प्रयत्न पुऱ्या झालेल्या कामावर संपतो. अर्ध्यात सोडून देण्याची नामुष्की त्याच्या वाट्याला येत नाही.

ताईंच्या गाऊनची वरची बटणं मी लावली. शेवटचं काजात अर्धं सरकवलं आणि हात काढून घेतला. त्यांनी वाकड्या बोटांनी ते ओढलं. आलं. त्या किती तरी वेळ बटणाकडे बघत बसल्या, मग रडल्या. काकूही रडल्या. मी टेप गुंडाळत बसले.

दुपारी काकूंना पद्धत समजावून दिली. मी महिन्याने जाणार, घर इथेच राहणार. माझ्यामागे सराव थांबता कामा नये, हा आमच्या कामातला पहिला नियम. काकूंनी ती चटकन उचलली. माझी वाक्यंसुद्धा. घाई नाही. आधीचं मी करते, शेवटचं तुझं.

शनिवार, ९

प्रगती अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त. शेवटची दोन बटणं. बुटाचा पट्टा. आज तर केटलीतून कपात चहा ओतला. माझ्या अनुभवात इतका वेग बसत नाही, पण माझा अनुभव तो किती.

सकाळी मला माझ्या शर्टाची खालची दोन बटणं लावता आली नाहीत. बटण काजाशी येतं, अर्धं आत जातं आणि हात थांबतो. दुखत नाही, बधिर नाही. कुणीतरी यायचं असावं आणि आपण वाट बघत असावं, तसा नुसता थांबतो. दमणूक असेल.

नाश्त्याच्या वेळी ताईंना ते दिसलं. त्या काठी टेकून उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि उजव्या हाताने माझी दोन्ही बटणं लावली. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मामा एरवी अशा वेळी काहीतरी बोलल्याशिवाय राहत नाहीत. आज ताटावरून उठून बागेत गेले.

मंगळवार, १२

स्वतःची तपासणी केली. पकड, स्पर्श, बोटांचा वेग, सगळं दोन्ही हातांत ठीक.

चहा केला. पाणी, पावडर, साखर, उकळी, सगळं झालं. कपावर गाळणं धरलं, पातेलं उचललं, तिरकं करायला गेले आणि हात थांबला. तशीच उभी राहिले. काकू आल्या, काही न विचारता माझं मनगट हलकेच ढकललं, चहा कपात पडला. मामांचा घास ढकलतात तसंच.

ताईंना जे आलं तेच माझं गेलं आहे. त्याच टोकाकडून, त्याच क्रमाने. यावर माझा विश्वास नाही. पण माझा विश्वास असणं-नसणं हा पुरावा नव्हे. उद्या असं काहीतरी शिकवते जे दोघींच्याही डोक्यात आलेलं नाही. खिडकीचा बोल्ट.

बुधवार, १३

सकाळी ताईंना बोल्ट सरकवता आला. जेवणानंतर मला येईना. बरणीचं झाकण घेतलं. तेच झालं.

मामांना बागेत गाठलं. आधी त्यांनी थट्टेवर नेलं, इंजिनीअरला यंत्र बिघडलं की काय वगैरे. मी चमच्याबद्दल थेट विचारल्यावर थट्टा थांबली. मग सांगितलं. झटका आल्यानंतर ताईंना कुणी भरवलेलं सहन होत नव्हतं, ताट भिरकावून देत. मामा जवळ बसत, चमच्याला हात लावून देत. तिला घास आला त्याच जेवणाला माझा अडला, म्हणाले. तेव्हा त्यांनी शिकवणं सोडलं.

मला आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, तू मानलं असतंस? मग मातीकडे बघत म्हणाले, खरं सांगू का, पोरीला कुणीतरी शिकवायला हवंच होतं, आणि तू परकी.

गुरुवार, १४

काकूंना सांगितलं की काम थांबवते आहे, उद्या निघते. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, तुम्ही खूप केलंत, आता पुढचं आमचं आम्ही करू.

तेव्हा आठवलं. पद्धत मीच दिली आहे त्यांना. शिकवायला आता माझी गरज नाही. पण जातं ते कुणाचं? बोल्ट मी शिकवला होता, झाकणही मीच. काकू शिकवतील तेव्हा त्यांचं जायला हवं. मी तसं म्हणाले. त्यांनी सरळ सांगितलं. काल त्यांनी ताईंना दिव्याचं बटण दाबायला शिकवलं. मुद्दाम, स्वतःचं काय होतं ते बघायला. त्यांचं काही गेलं नाही. मी दिव्यापाशी गेले, बटणावर बोट टेकवलं. बोट तिथेच राहिलं.

काकू म्हणाल्या, पद्धत तुमची, म्हणून तुमचंच जात असेल. आणि माझं जाऊन कसं चालेल? मग तिचं करायला कोण उरणार?

मी थांबा म्हणाले. हात जोडले. त्या म्हणाल्या, ते तुम्हीच तिला सांगा, बाई. दोन बटणांवर समाधान मान म्हणावं. ताई टेबलाशी स्वतःसाठी चहा ओतत होत्या. हात थरथरत होता आणि थेंब सांडला नाही. त्यांनी माझ्याकडे बघून कप उचलून दाखवला.

मला सांगता आलं नाही.

शुक्रवार, १५

निघाले होते. कपड्यांच्या बॅगेची चेन शेवटी अडली, तीही ताईंना शिकवून झाली असणार, म्हणून उघडीच घेतली.

ताई बाहेर उन्हात उभ्या होत्या. एकट्या. काकूंनी सकाळीच त्यांना उंबरा ओलांडायला शिकवलं होतं. किती दिवस पोर घरात कोंडलेली, असं त्या म्हणत होत्या. ताई आकाशाकडे बघून हसत होत्या, आणि मी उंबऱ्यावर, एक पाय बाहेर, एक आत. आतला उचलेना.

मामा बाहेरून आले, दंडाला धरून ओढायला लागले. सगळा जोर लावला. तेवढ्यात आतून काकूंनी हाक मारली की पान वाढलंय, निवतंय. मामा थांबले. माझ्याकडे बघितलं, मग आत बघितलं. त्यांना काकूंवाचून जेवता येत नाही.

त्यांनी माझा दंड सोडला.

रविवार, १७

फोन. नंबर लागतो. मॅडम हॅलो म्हणतात. तोंड उघडतं, पुढे नाही. काल काकूंनी ताईंकडून मावशीला फोन करवला, दोन शब्द बोलायला लावले. मॅडमना वाटलं लाइन खराब आहे. ठेवला.

फोनवर नाही, पण समोरच्याशी बोलता येतं अजून. लिहिता येतं.

काकू आज मला तू म्हणाल्या. बटणं लावताना. केस विंचरताना. तू काळजी करू नकोस, तुझं मी करीन, मला सवय आहे.

सोमवार, १८

विचार करायला हवा. हे माझंच काम आहे. जे जमत नाही त्याभोवतीची व्यवस्था बदलायची, पेशंटला आम्ही हेच सांगतो.

शेवटची पायरी जाते ना? तर मग शेवटी एक बिनकामाची पायरी जोडायची. चहा ओतून झाल्यावर कप फिरवून ठेवायचा, असं आधी मनाशी पक्कं केलं. म्हणजे ओतणं शेवटचं राहिलं नाही. हात तिरका झाला. चहा पडला! कप फिरवता आला नाही, पण कप फिरवायचा होता कुणाला.

तशीच दाराकडे गेले. उंबऱ्यापुढे चार पावलं जायचं, असं घोकत. पाय उचलायला हवा होता. पण काकू तिथेच होत्या, ताईंना घेऊन. आज आदली पायरी चालली होती, पहिला पाय बाहेर टाकण्याची. आता माझा पहिलाही —

काकूंनी मला ओट्याशी बघितलं असणार.

मामा जेवणानंतर खोलीत आले. नजर खाली. म्हणाले, तुला नाही नेऊ शकत, पण चिठ्ठी नेतो, चिठ्ठी न्यायला चमचा लागत नाही. हसायला गेले, जमलं नाही. उद्या लिहून ठेव म्हणाले.

मंगळवार, १९

पलीकडच्या खोलीत काकूंनी ताईंपुढे पाटी —

भिंतीतून सगळं ऐकू येतं. आवाज काकूंचा, वाक्यं माझी. घाई नाही. आधीचं मी लिहिते, शेवटचा शब्द —

माझा शेवटचा शब्द —

तोच उपाय करायचा, हवं ते आधी लिहायचं, मागे काहीही जोडायचं, टेबल लाकडी, भिंत

चाललं, शेपूट गेलं, वाक्य राहिलं, टेबल लाकडी, भिंत

मामा दाराशी उभे आहेत, हात पुढे करून, आटप म्हणतात, ती फार लवकर शिकते, टेबल लाकडी

मॅडम, मला इथून न्या, दोन माणसं घेऊन या, या घरात कुणाला काही शिकवू नका, शुक्रवारपर्यंत उत्तर द्या, टेबल लाकडी

पलीकडे काकू म्हणाल्या छान, आता त्याच्या आधीचा, टेबल

मॅडम, मला इथून न्या, शुक्रवारपर्यंत उत्तर द्या

टाळ्या

मॅडम, मला इथून

मॅडम, मला