सातव्या खांबातली गोळी

१२ मार्च. पाच आठवडे या वहीत एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. रोज लिहिणाऱ्या बाईनं नेमकं सांगण्यासारखं घडल्यावर गप्प बसावं, हे मलाच पटत नाही. आज लिहिते आहे ते मृत्युपत्र आहे. ते का, ते कलम पाचमध्ये येईल.

मी, माइते उरुटी, वय सेहेचाळीस, अविवाहित, वायोमिंगमधल्या बफलो गावाबाहेर आमच्या मेंढ्यांच्या रँचवर राहणार, हे सगळं शुद्धीत आणि स्वतःच्या हातानं लिहीत आहे. कुणाचा दबाव नाही. राग आहे; पण राग म्हणजे दबाव नव्हे, असं मी धरून चालते.

१. रँचमधला माझा अर्धा हिस्सा, मेंढ्यांसह, धाकटा भाऊ ग्राशियन याला. दुसरा अर्धा त्याचाच आहे. या जमिनीवर रात्री कोयोट, म्हणजे कोकरं पळवणारे इथले छोटे लांडगे, मारू नयेत अशी अट मी घालणार होते. वकील फोनवर म्हणाले, "घाला हवं तर. पण रात्री कुरणात उभं राहून बघणार कोण?" तेव्हा ही अट नव्हे, विनंती. माझ्या विनंत्यांचं ग्राशियन काय करतो ते मला ठाऊक आहे.

२. वडिलांची मेंढपाळगाडी, आतल्या चुलीसकट, शेजारीण व्हेर्ना लिंडक्विस्टला. गाडीत कोंबड्या ठेवायच्या नाहीत. ती ठेवणारच.

३. कोयोटला जवळ बोलवायची वडिलांची शिंगाची पिपाणी ग्राशियनला. ती उजेडात वाजवायची. वारा तोंडावर, ऊन पाठीवर, पाठ झुडपाला. जखमी सशासारखं दोन मिनिटं रडायचं आणि मग वीस मिनिटं हलायचं नाही. कोयोट सरळ येत नाही. वळसा घेतो, थांबतो, कान फिरवतो. तेवढ्या वेळात आपण कशावर नेम धरलाय ते नीट दिसतं. वडिलांनी आम्हा दोघांना एकाच झुडपाशी बसवून हे शिकवलं. ग्राशियनला तेव्हाही स्वस्थ बसवत नसे.

४. माझी बंदूक विकावी. ग्राशियनला देऊ नये. त्याच्याकडे एक आहे, वर उष्णता दाखवणारी दुर्बीण लावलेली. त्याची बाजूही इथे नोंदवते, नाहीतर हा कागद एकतर्फी होईल.

"तू महिन्यात दोन मारतेस, मी आठवड्यात अकरा," तो म्हणतो. "कोकरांनाच विचार, कुणाची पद्धत बरी."

"त्या दुर्बिणीत तुला दिसतं काय रे? पांढरा ठिपका."

"जे गरम ते दिसतं. अगं, थंडीत मध्यरात्री आपल्या कुरणात गरम दुसरं काय असणार?"

त्याचे आकडे खरे आहेत. त्याच्यामुळे कोकरं वाचतात. मी दिवसा बसते ती कोकरांसाठी की स्वतःच्या समाधानासाठी, याचं प्रामाणिक उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

५. चार फेब्रुवारीच्या रात्री ग्राशियननं घळीपाशी कोयोटांना बोलावणारं आवाजाचं यंत्र लावलं. मी त्याला न सांगता पिपाणी घेऊन गेले आणि कुंपणाच्या सातव्या खांबाआड बसले. धोका दिसला की कोयोट तुटक भुंकतो, मग बाकीचे पुढे येत नाहीत. तसं मी पिपाणीतून भुंकले, तीनदा. त्याची शिकार उधळायची होती. सांगून ऐकत नाही, म्हणून. चौथ्यांदा पिपाणी ओठांशी नेली आणि गोळी खांबात शिरली, माझ्या कानापासून वीतभर. त्याची गाडी जाईपर्यंत मी बर्फात तोंड खुपसून पडून राहिले.

सकाळी तो माझ्याकडे घेवड्याचं सूप प्यायला आला.

"काल एक म्हातारी कोयोट भेटली," म्हणाला. "महाबिलंदर. बाकीच्यांना हाकलून देत होती. थोडक्यात वाचली. पुढच्या वेळी नाही सोडत."

मी त्याला आणखी सूप वाढलं. चूक कुणाची, ते पाच आठवडे ठरवते आहे. अंधारात खांबाआड लपून भुंकणाऱ्या बाईला तक्रारीचा हक्क किती? पण त्या जागी रस्ता चुकलेला कुणी असता तर? म्हणून हे इथे लिहिलं. माझ्यामागे त्यानं वाचावं.

६. वह्या जाळाव्यात. ही सोडून.

साक्षीदार म्हणून व्हेर्ना आणि तिचा नवरा ऑरिन यांना आज दुपारी बोलावलं. साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते, हे मी व्हेर्नाला सांगितलं. तिनं चष्मा लावून सगळा वाचला.

"हे पाचवं त्याला कधी कळणार?" तिनं विचारलं.

"मी गेल्यावर."

"म्हणजे तेव्हा त्यानं कुणाची माफी मागायची? आणि तोवर रोज रात्री तो त्या म्हातारीला शोधत हिंडणार. तू त्याला सांगत नाहीयेस बाई, सूड घेतेयस."

ऑरिन म्हणाला, "सही कुठे करू तेवढं दाखवा."

तिचं म्हणणं मला आवडलं नाही. खोडूनही काढता आलं नाही.

आम्ही दोघांनी एकमेकांसमोर आणि माइतेच्या समोर सह्या केल्या. ती शुद्धीत आहे, हट्टीही आहे:
व्हेर्ना लिंडक्विस्ट (सही)
ऑरिन लिंडक्विस्ट (सही)

माइते उरुटी (सही)
बफलो, १२ मार्च

उद्याचं काम: उजाडल्यावर ग्राशियनला सातव्या खांबापाशी नेणे, आणि मी त्या रात्री बसले होते तशी बसून दाखवणे.