शिवणीतली सुई

सोमवार, ५ नोव्हेंबर

या वयात नोकरीला लागलो, हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतंय. जन्मभर मुलांना कविता शिकवल्या, आणि आता रुग्णालयाच्या धुलाईघरात मळक्या चादरी निवडणार. चिरंजीव म्हणाला, आप्पा, घरात बसून भिंतींना वृत्तं शिकवण्यापेक्षा हे बरं. सूनबाई त्याच रुग्णालयात नर्स आहे. तिनेच शब्द टाकला. सगळ्यांना सांगत होती म्हणे, आमचे सासरे शिस्तीचे आहेत, त्यांना एक गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात घरात पाळणा हलणार आहे, तरी ती वॉर्डात भिरभिरत असते. पोरीचं मला कौतुक वाटतं.

धुलाईघर तळमजल्यावर, मागच्या अंगाला. एका बाजूला मळक्या कपड्यांची खोली, दुसऱ्या बाजूला स्वच्छ कपड्यांची, आणि मधल्या भिंतीत यंत्रं, त्यांचं तोंड इकडे आणि पाठ तिकडे. वॉर्डावॉर्डातून गठ्ठे येतात, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची दोरी. प्रार्थनेला रांगेत उभ्या मुलींच्या रिबिनी आठवल्या. यंत्रं चालवणारा धिप्पाड गडी सदा वाफेत असतो, म्हणून त्याला वाफोबा म्हणतात. पलीकडे घड्या घालणारी मावशी. मला पाहून ती म्हणाली की मास्तर, इथे छडी चालत नाही हं, आमच्या चादरी आधीच गरीब आहेत.

धुतलेल्या कापडाचा तो उबदार वास. आमची ही गेल्यापासून विसरलोच होतो. दुपारी खिडकीतून अंगणातल्या दोऱ्यांवर चादरी फडफडताना दिसल्या आणि कितीतरी वर्षांनी एक ओळ सुचली:

धुतल्या चादरी वाऱ्यावरती, जणू ढगांची शाळा सुटली

दुसरी ओळ उद्या.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

आज सूनबाईने आम्हा नव्या माणसांना शिकवलं. मी पहिल्या बाकावर बसलो, तर म्हणाली, आप्पा, इथे तुम्ही विद्यार्थी, वहीत चित्रं काढायची नाहीत. सगळे हसले. मीही हसलो.

गोष्ट मात्र गंभीर होती. चादरींमध्ये कधीकधी इंजेक्शनची सुई राहून जाते. म्हणून जाड हातमोजे काढायचे नाहीत, गठ्ठ्यात आंधळा हात घालायचा नाही, चादर कडांनी धरून उलगडायची. सुई दिसली तर चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायची, दुसरीकडे कुठेही नाही. टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, आणि तडक येऊन सांगायचं. औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, तीन दिवस उलटले की त्याचा उपयोग राहत नाही. सुई कुठल्या गठ्ठ्यातली तेही सांगायचं, म्हणजे कुणाचं रक्त ते तपासता येतं. लाल दोरीचा गठ्ठा असेल तर विशेष. तो संसर्गाच्या रुग्णांच्या खोलीतला.

शेवटी म्हणाली की टोचल्याबद्दल इथे कुणी कुणाला बोलत नाही, तेव्हा बोट दाखवायला लाजू नका. मी मान डोलावली. लाजायचं काय त्यात, असं वाटलं.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

हे लिहू नये असं वाटतंय. पण रोजनिशीशीही खोटं बोललो तर उरलं काय.

सकाळपासून ती दुसरी ओळ डोक्यात घोळत होती. मी मात्रा बोटांच्या पेरांवर मोजतो, लहानपणापासूनची खोड. हातमोज्यातून पेरं लागेनात, म्हणून उजवा मोजा काढून खिशात घातला. ओळ जमत आली होती. त्या तंद्रीत समोरच्या गठ्ठ्याची दोरी सोडली आणि उघडा हात आत घातला.

मधल्या बोटात कळ गेली. बाहेर आली ती सुई, टोपण नसलेली, आत काळसर रक्ताचा ठिपका.

दोरी लाल होती.

बोटावर थेंब फुगला. बावरलो. सुई कुठे पडू द्यायची नाही, जवळच्या कापडात खोवायची, ही आईची शिकवण हातात इतकी मुरलेली की डबा पाच पावलांवर असताना मी काय केलं, तर मावशीने दाराशी आणून ठेवलेल्या गाडीवरच्या स्वच्छ चादरीच्या शिवणीत ती खोवली. हात धुवून येईपर्यंत, एवढंच मनात होतं. धुवून आलो तर गाडी नव्हती. वर गेली होती.

धावत जाऊन थांबवता आली असती. पण मग मोजा का काढला ते सांगावं लागलं असतं. मात्रा मोजायला. सासरे शिस्तीचे.

मी मोजा चढवला आणि पुढचा गठ्ठा उचलला.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

वॉर्डातून काही बोभाटा नाही. रात्रभर चादरीच पाहत होतो, एकीखाली एक, न संपणाऱ्या.

जेवताना सूनबाईने बोट पाहिलं आणि विचारलं. भाजी चिरताना कापलं म्हणालो. ती हसून नवऱ्याला म्हणाली की बघ, तुझ्या बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा विळी पाहिली आणि विळीने यांना. चिरंजीव ठसका लागेपर्यंत हसला. मीही हसलो. सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती.

शनिवार, १० नोव्हेंबर

सापडली. वॉर्डातून परत आलेल्या एका चादरीच्या शिवणीत, मी खोवली तशीच, तिरपी. चिमट्याने उचलून डब्यात टाकली. तळाशी पडल्याचा आवाज नीट ऐकला. हायसं वाटलं. चला, कुणाला काही झालं नाही. प्रकरण मिटलं.

संध्याकाळी गच्चीत बसून शाळेतल्या कविता म्हणाव्यात असं वाटलं. बोटांवर ठेका धरला. मधल्या बोटाच्या पेराशी आलो की ओळ अडते. पुढचा शब्दच आठवत नाही. पन्नास वर्षं तोंडपाठ असलेली कविता.

रविवार, ११ नोव्हेंबर

सुट्टी. अंथरूण आवरताना चादरीच्या कडेवरून सहज हात फिरवला.

शिवणीत सुई होती. घरच्या चादरीत, माझ्या. आत तोच काळसर ठिपका. वाळलेला नव्हता, ओला दिसत होता.

चष्म्याच्या घरात बंद करून ठेवली आहे. कुणाला सांगू आणि काय सांगू. एक सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल. आजच्या दिवसात सांगितलं तर माझ्या औषधाची वेळ गाठता येईल, हेही कळतंय.

नाही सांगितलं.

सोमवार, १२ नोव्हेंबर

चष्म्याचं घर उघडलं तेव्हा ते रिकामं होतं.

धुलाईघरात आज कुणी थट्टा केली नाही. मावशी डाव्या हातानेच घड्या घालत होती, उजवा ॲप्रनच्या खिशात. विचारलं तर म्हणाली की इस्त्रीचा चटका बसला. म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने वाफोबाने झाकण उघडायला हात वर केला. मधल्या बोटाला चिंधी. मी पाहतोय हे त्याने पाहिलं आणि हात पाठीमागे नेला.

म्हणजे तिलाही टोचली आणि तिनेही घाबरून पुढच्याच चादरीत खोवली. त्यानेही. माझ्यासारखीच.

आम्ही तिघे दिवसभर एकमेकांच्या हातांकडे पाहत होतो, तोंडाकडे नाही.

मी एक शब्द बोललो असतो तर दोघं बोलली असती. मावशीला तीन नातवंडं आहेत. त्यांना ती एकटीच सांभाळते.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

सूनबाईला टोचली.

पलंगावर धुतलेली चादर अंथरत होती, शिवणीपाशी. तिने हात धुतला आणि तशीच जाऊन सांगितलं, जसं शिकवलं होतं तसं. दुपारी मोठ्या सिस्टर खाली आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या की ही सुई कुठल्या गठ्ठ्यातली एवढं कुणाला ठाऊक असेल तर सांगा, त्या पोरीच्या पोटात बाळ आहे, कुणाचं रक्त ते कळलं तर नेमकं औषध देता येईल, आणि त्यालाही मुदत असते.

मावशी जमिनीकडे पाहत होती, वाफोबा यंत्राकडे. दोघांना फक्त धुतल्या चादरीतली सुई ठाऊक. लाल दोरी एकट्या मला.

मी खिडकीबाहेर पाहिलं. चादरी वाऱ्यावर होत्या.

बुधवार, १४ नोव्हेंबर

औषधाने सूनबाईला सारखी मळमळ होते. सकाळपासून दोनदा उलटी. भिंतीला डोकं टेकून बसली होती. चिरंजीव तावातावाने बोलत होता, ज्याने लपवलं तो माणूसच नव्हे. ती म्हणाली, असं नको बोलूस, घाबरलं असेल बिचारं कुणीतरी, आत्ता येऊन सांगितलं तरी मी पाय धरीन त्याचे.

माझ्यासमोर म्हणाली. माझ्याकडे पाहून, मायेने. मग विचारलं, आप्पा, तुम्ही जेवलात ना.

सांगायला तोंड उघडलं. जिभेच्या टोकाला टोचलं. खरोखर टोचलं — रुमालावर लाल ठिपका आहे. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. लाल दोरीतला ‘ला’ म्हणायला जीभ उचलली की —

पाणी पिऊन खोलीत आलो. ती म्हणाली असेल, म्हातारा मनाला लावून घेतोय.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

सदऱ्याच्या बाहीत सुई. काढली. उशीच्या अभ्र्यात. काढली. टॉवेलात. काढून ठेवतो, पण ठेवलेल्या जागी ती नसते. पुढच्या शिवणीत असते.

डब्यात टाकली होती मी. आवाज ऐकला होता.

मुदत उद्या सकाळी संपते, असं चिरंजीव फोनवर कुणाला तरी सांगत होता. मला ठाऊक आहे. मला सगळं —

संध्याकाळ

पलीकडच्या खोलीत सूनबाई बसली आहे. मांडीवर बाळाची दुपटी, तिच्या आईने पाठवलेली, जुन्या मऊ कापडाची. एकेक उलगडून पाहते, घडी घालते. इतक्या दिवसांनी चेहऱ्यावर जरा हसू आहे. दार उघडं आहे, मला इथून सगळं दिसतं.

शिवणीवरून हात फिरवते आहे. उघडा हात. कोपऱ्यापासून सुरुवात करून, हळूहळू.

पुढच्या कडेला काहीतरी चमकलं.

हाक मारली तर विचारेल, आप्पा, तिथे सुई आहे हे तुम्हाला कसं कळलं. विचारू दे. तोंडात रक्ताची चव आहे, असू दे. अजून वीतभर शिवण उरली आहे — बोट पुढे सरकतंय — उठलो —

सूनबाई, हात काढ, ती सुई माझी, मोजा मी काढला होता, दोरी ला