पडदा ओढला की आत जायचं नाही

मेट्रनबाई, तुम्ही असतात तर हे सांगायला मी आलोच नसतो, कारण पहिलं वाक्य संपायच्या आत तुम्ही माझा कान धरला असतात. तुम्ही नाही आहात, म्हणून लिहायची हिंमत होतेय. सिंधी वस्तीतल्या कॅम्प चारच्या हॉस्पिटलात तुमच्या हाताखाली बेडपॅन धुणारा मी आता अंबरनाथला, चिखलोलीच्या बाजूला, चौदा खाटांचं शुश्रूषा केंद्र चालवतो. ऑपरेशननंतर हॉस्पिटलनं सोडलेले, पण घरी सांभाळणं झेपत नाही असे पेशंट आमच्याकडे येतात. सगळे मला सर म्हणतात. अजून एखादे वेळी मी मागे वळून बघतो, कुणाला हाक मारली म्हणून.

आमच्याकडे बदलापूरची एक सिस्टर आहे. कामाला चोख, म्हाताऱ्याची पळती शीरसुद्धा एका टोचणीत पकडते. ती रेकी शिकली. पेशंटच्या अंगावर हात ठेवून शांत बसायचं, त्यातून शक्ती वाहते, असं तिचं म्हणणं. परवानगी मागायला आली तेव्हा मी विचारलं, "किती व्होल्टेजची शक्ती गं?" ती हसली नाही. म्हणाली, "सर, औषधं, इंजेक्शनं सगळं चालूच राहील. हे वरून. पंधरा मिनिटं त्यांच्याजवळ नुसतं बसणारं कोणी आहे का, तुम्हीच सांगा." मी परवानगी दिली. शक्तीबिक्तीचं मला आजही ठाऊक नाही, पण दिवसभर कण्हणारी माणसं तिच्या हाताखाली गप्प होतात, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. नातेवाईक खूश. मग मीच नियम केला: रेकीच्या वेळी पडदा ओढायचा, आणि पडदा ओढला की आत कुणी जायचं नाही. स्टाफला रांगेत उभं करून सांगितला, थेट तुमच्या रुबाबात.

तुमची दुपारची परीक्षा आठवते. तुम्ही मला वॉर्डच्या दारात उभं करताय. "डोळे मीट. कुठली खाट वेगळी वाजतेय?" पंखा खडखडतोय, शेजारच्या जीन्सच्या कारखान्यातल्या मशिनी चालू आहेत, आणि त्यातून मला एकेकाचा श्वास शोधायचाय. "सहा नंबर, बाई. घोरतोय." "नुसता घोरतोय की मधे थांबतोय? थांबला तेव्हा किती आकडे मोजलेस?" मी मोजलेलेच नसतात. आणि तो दिवस, जेव्हा मी एका आजींचा हात धरून बसलो होतो. त्या झोपल्या, मला वाटलं आपण केवढं पुण्य केलं. तुम्ही आलात, त्यांच्या मनगटाला बोटं लावलीत आणि अख्ख्या वॉर्डासमोर ओरडलात, "अंग भाजतंय म्हातारीचं आणि तू हात धरून बसलायस? हात ठेवलास ना, मग विचार त्या हाताला काय कळतंय ते! नाहीतर देवळात जाऊन बस." लोक हसले. मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल.

गेल्या महिन्यातली गोष्ट. कॅम्प दोनमधले एक कापडवाले सिंधी दादा आमच्याकडे होते. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, शुगर जुनी. दुपारचं इन्सुलिन वेळेवर दिलं होतं, जेवणाचं ताट समोर आलं, पण दुखत होतं म्हणून त्यांनी दोन घास खाऊन ते बाजूला सारलं. वॉर्डच्या मावशी ताट घेऊन गेल्या. ते कुणी कुणाला सांगितलं नाही. मग कण्हणं सुरू झालं. सून सिस्टरला म्हणाली, "दीदी, थोडा हाथ रखो ना पापा पे." पडदा ओढला गेला. मी पॅसेजमधल्या टेबलावर होतो. कण्हणं थांबलं. सून पॅसेजमध्ये येऊन म्हणाली, "देखा भाईसाहब? पाँच मिनट में आराम!" चार वाजता दुसरी नर्स बीपीचं मशीन घेऊन आली, पडदा बघितला आणि परत फिरली. माझाच नियम.

मग घोरणं ऐकू आलं. जड, ओलं. आणि मधे काहीच नाही. मी न ठरवताच मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार. मग पुन्हा श्वास. मी उठून पडद्यापाशी गेलो. सुनेनं ओठांवर बोट ठेवलं. "श्श… अभी तो सोए हैं."

मी पडदा सरकवला. सिस्टर डोळे मिटून बसलेली, दोन्ही हात दादांच्या छातीवर. बनियन भिजून अंगाला चिकटलेलं.

"घाम कधीपासून?"

"सुरुवातीपासून, सर. गारही लागत होतं. आम्हाला शिकवलंय, आजार बाहेर पडताना असं…" बोलता बोलता तिचा आवाज बदलला. मी काही म्हणायच्या आत तीच ओरडली, "शुगर! मशीन आणा!"

मशीनवरचा आकडा पार तळाला गेलेला: इन्सुलिन अंगात, पोट रिकामं. शीर तिनं एका टोचणीतच पकडली. खालच्या मजल्यावरून डॉक्टर धावत आले, ग्लुकोज चढायला लागलं. सून एकेकाला विचारत होती, "सो रहे थे ना? कोई बोलो ना!" जीभ मागे पडू नये म्हणून मी दादांची हनुवटी वर उचलून धरली होती, तुम्ही शिकवली तशी, आणि फक्त ऐकत होतो. एवढी लांब मिनिटं मी आयुष्यात मोजली नाहीत. मग हाताखालून पुटपुटणं आलं, "छोड़ ना साईं, दाढ़ी बनाएगा क्या?" सून हसायला गेली आणि रडली.

संध्याकाळी सिस्टर समोर उभी. "उद्यापासून येऊ की नको, सर?" मी म्हटलं, "ये. घाम सगळ्यात आधी तुझ्या हाताला कळला होता. तू त्याला भलतंच नाव दिलंस. आणि पडदा माझा होता." मग तिला तुमचं ते देवळाचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "कडक होत्या हो बाई." आता आधी बीपी, शुगर आणि जेवलेलं ताट बघायचं, मग रेकी, पडदा उघडा, डोळेही उघडे. दुसऱ्या दिवशी दादांनीच मागणी केली, "वो हाथवाली बेटी को भेजो. सोने मत देना उसको!"

आता सगळीकडे माझ्या कानांचं कौतुक चाललंय. सून मिठाई देऊन गेली. स्टाफ नव्या नर्सना सांगतो, सरांनी श्वास थांबलेला ऐकला आणि पडदा फाडलाच. मीही मान डोलावतो. हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. सुनेनं ओठांवर बोट ठेवलं, तेव्हा मी परत येऊन खुर्चीत बसलो होतो. दादा नुसतेच झोपले असले तर माझा नियम मीच मोडल्यासारखं दिसेल, चार लोकांत हसं होईल, एवढंच डोक्यात होतं. श्वास आणखी दोनदा थांबला, बाई. दोन्ही वेळा मी बसून आकडे मोजले.