धोका कोणापासून

बाबा, मी हत्यार घ्यायचं ठरवलं आहे. तुम्ही असतात तर आधी हसला असतात आणि मग विचारलं असतंत, कशाला गो? तेच सगळे विचारतात. मी निवृत्त झाले, हे गेले, मुलगी तिकडे दूर नांदते, आणि मी पनवेलची खोली बंद करून चिरनेरच्या पलीकडे डोंगराला लागून असलेल्या आपल्या शेतघरात येऊन राहिले, तेव्हाही हाच प्रश्न होता. तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून लोकांच्या हाका ऐकल्या, आता कोणी हाक मारू नये म्हणून आले, असं मी सांगते. पण हाका मारणारे येतातच. पांढऱ्या गाड्या बांधाशी थांबतात, गळ्यात साखळ्या घातलेले लोक उतरतात, "मावशी, पाणी मिळेल का" म्हणतात, आणि पाणी पिताना डोळ्यांनी जमीन मोजतात. मी त्यांना पाणी देते आणि पेला परत हातात येईपर्यंत दारातून हलत नाही. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. दूधवाल्याने दूध घातलं की मी अजून पातेलं हलवून बघते.

सातबाऱ्यावर दोन नावं आहेत, माझं आणि माझ्या पाठच्या धाकट्याचं. धाकटा पळस्प्याला सातव्या मजल्यावर राहतो. तो विकू म्हणतो, मी नाही म्हणते, आणि एवढ्या एका वाक्यावर गेली चार वर्षं आमचं बोलणं सणावारापुरतं उरलं आहे. या पावसाळ्यात, लावणी आटोपल्यावर, त्याचा अचानक फोन आला. इकडचं तिकडचं बोलला आणि मग विचारलं, "बाय, तुजा कुत्रा चावतो का गो?" मी म्हटलं, चावतो. तिसऱ्या दिवशी भर दुपारी कुत्रा अंगणात तोंडाला फेस येऊन तडफडत मेला. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. विषबाधा मी कितीतरी पाहिल्या आहेत, मला कोणी शिकवायला नको. पुरून आल्यावर हात धुतले आणि माझ्या मनात एकच गोष्ट पक्की झाली, की कुत्रा कोणाच्या वाटेत होता ते मला कळलं.

मग मी मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच पकडून मुंबईला गेले, एका जुन्या बंदुकांच्या दुकानात. माझ्या वयाची बाई दारात बघून म्हातारा दुकानदार आधी गोंधळला, मग त्याने दोन वस्तू काढून काचेवर ठेवल्या. एक रिव्हॉल्व्हर, विलायती, जास्त जोराच्या मॅग्नम गोळीचं, हातात घेतलं तर पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्याइतकं जड वाटलं. दुसरी आखूड रायफल, घोड्याच्या खाली लोखंडी कडं असलेली. ते कडं खाली ढकलून परत ओढलं की पुढची गोळी चढते. दोन्हींना गोळी एकच चालते, दोन्ही एकाच मालकाची, त्याच्या वारसांनी विकायला ठेवलेली. परवाना आणा, मग बोलू, म्हणाला, पण माझं बघून झाल्यावर खुर्ची पुढे सरकवली. "बाई, खरं सांगू? छोटी चीज उशाला राहते, पदराखाली राहते, म्हणून लोकांना आवडते. पण हिचा झटका मनगटाला बसतो, आणि घाबरलेल्या हाताने दहा पावलांवरची भिंतपण चुकते. लंबी चीज खांद्याला टेकते, निशाण धरते. रान असेल तर ही घ्या." मी विचारलं, माणूस असेल तर? त्याने दोन्ही वस्तू उचलून आत ठेवल्या आणि मगच म्हणाला, "तर आधी पोलिसाला विचारा." मला वाटलं, हा हातचं गिऱ्हाईक सोडतोय, म्हणजे याच्याकडे दुसरं कोणी जास्त देणारं आहे.

परतीच्या लाँचमध्ये मला तुमची ठासणीची बंदूक आठवत होती. लोंब्या भरल्या की डुकरं उतरायची आणि तुम्ही मला बरोबर न्यायचात, कारण धाकटा खोकायचा आणि मी गप्प बसायची. नळीत दारू, मग चिंधी, मग छर्रे, मग गज घालून ठासायचं. तुम्ही मला शिकवलंत आणि आईला सांगितलं नाहीत, मला मिळालेली ती सगळ्यात मोठी भेट. आणि ती संध्याकाळ. अजून उजेड आहे. भात हलतं, तुम्ही बंदूक खांद्याला लावता, बोट घोड्यावर जातं, आणि मी तुमच्या कानाशी म्हणते, "डुक्करच हाय बाबा, मारा." तुम्ही मारत नाही. भातातून शेजारची काकी उठते, कमरेला विळा, डोक्यावर गवताचा भारा. तिला कधीच कळलं नाही. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "घरी काय बोलायचा नाय." पुढे निवडणूक लागली, गावातल्या सगळ्यांनी नेमाप्रमाणे आपापल्या बंदुका चौकीत जमा केल्या, निकालानंतर सगळ्यांनी परत आणल्या, तुम्ही आणली नाही. पुढच्या वर्षी डुकरांनी अर्धं शेत लोळवलं तेव्हा मी जेवताना म्हटलं, बंदूक असती तर. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "तू गप बस. तू होतीस ना तिथं?" सगळ्यांसमोर मला बोललात म्हणून मी कितीतरी दिवस फुगून होते. मला तुम्ही भित्रे वाटलात बाबा. खरं म्हणजे मला तुमची लाज वाटली होती.

तर अर्ज. पनवेलच्या कचेरीतल्या कारकुनाने चष्म्यावरून बघत विचारलं, शेतीच्या रक्षणासाठी की स्वतःच्या? शेतीसाठी असेल तर लांब हत्यार मागा, स्वतःसाठी असेल तर रिव्हॉल्व्हर, पण मग धोका कोणापासून ते लिहावं लागेल. मी म्हटलं, रिव्हॉल्व्हर. तो रकाना रिकामा सोडता आला असता, "अज्ञात इसम" असंही लिहितात म्हणे. मी धाकट्याचं पूर्ण नाव लिहिलं, तुमच्या नावासकट, कारण मधलं नाव तेच आहे. नातं, सख्खा भाऊ. पत्ता, पळस्पे. कारण, कुत्र्याला विष घातलं. अक्षर इस्पितळातल्या नोंदवहीत यायचं तसंच नीट आलं.

परवा चौकशीचा हवालदार आला. तरुण आहे, इकडचाच. ओटीवर बसला, चहा घेतला, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "मावशी, कुत्र्याचा लागला तपास. बाजूच्या दादांनी बांध पोखरतात म्हनून खेकड्यांना औषध घातलेलं, भातात कालवून. तुमच्या कुत्र्यानं खाल्लं. ते म्हनतात, ताईंना कुठल्या तोंडानं सांगू." बाजूचा दादा म्हणजे त्याच काकीचा मुलगा. खेकड्यांसाठी बिळाशी विषाचा भात ठेवायची रीत आपल्या भागात जुनी आहे, मी ती लहानपणापासून बघत आले, आणि माझ्या डोक्यात ती आली नाही. मी विचारलं, मग भावाने कुत्र्याचं मला का विचारलं? हवालदाराने पेला खाली ठेवला. "त्यांच्या गुडघ्याचं पनवेललाच आपरेशन झालं ना. काठी घेऊन चालतात. तुमच्याकडं यायचं होतं त्यांना, कुत्रा अंगावर आला तर पडेन म्हनून विचारलं, असं बोलले. तुमाला माहीत नाय?" मी म्हणाले, माहीत आहे की. बाबा, मला माहीत नव्हतं. त्या पनवेलात मी तीस वर्षं लोकांच्या जखमा धुतल्या, आणि माझ्या पाठच्या भावाचा गुडघा उघडला ते मला हवालदाराकडून कळलं.

मग त्याने धाकट्याचा जबाब वाचून दाखवला. पोलिसांच्या भाषेत होता. सदर अर्जदार माझी सख्खी मोठी बहीण असून, अर्जात माझे नाव असल्याचे मला दाखविण्यात आले. तिला माझ्यापासून धोका वाटत असल्यास माझे काही म्हणणे नाही. ती रानात एकटी राहते. तिला शस्त्राचा परवाना मिळावा. खाली त्याची सही, तुमच्यासारखीच उजवीकडे चढत जाणारी. हवालदार म्हणाला, "मावशी, ज्याच्यापासून धोका तोच द्या बोलतो, असा जबाब मी पयल्यांदाच घेतला. अर्ज पुढं पाठवू की मागं घेताय?"

मी मागे घेतला नाही. डुकरं खरंच येतात, यंदा दोन वाफे गेले. मी त्याच्याकडून कागद मागून घेतला, रिव्हॉल्व्हर खोडून रायफल लिहिलं, स्वसंरक्षण खोडून शेतीसंरक्षण लिहिलं, आणि नावावर चार रेघा मारून त्याच्या वर रानडुक्कर असं लिहिलं. हवालदार म्हणाला, एवढी खाडाखोड चालणार नाही, नवा अर्ज करावा लागेल. करीन म्हटलं. तो गेल्यावर खूप वेळ ओटीवरच बसले. दूध उतू गेलं तेव्हा उठले.

आज सकाळी धाकट्याकडे गेले होते. पिशवीत त्याला आवडणारी सुकी मासळी, करंदी, घेतली होती. आणि त्याच्या इमारतीच्या फाटकाशी पोहोचल्यावर मनात आलं, जबाब माझ्या कानावर जाणार हे त्याला ठाऊक होतं. मग हे माझ्यासाठीच बोलला का? उद्या जमीन विकायला सहीचा कागद पुढे करील तेव्हा मी नाही म्हणू नये म्हणून? हे तुम्हालाच लिहिते आहे, आणि लिहून झालं की चुलीत घालणार आहे, कारण घरात ठेवलं तर कोणीतरी वाचेल. फाटकाशी मी अर्धा तास उभी राहून त्याच्या त्या चार ओळींत डाव शोधत होते, बाबा. मला सापडला नाही. तरी मी वर गेले नाही.