हौदावरचा धडा

सन्माननीय तोख्तासिन दाजींस, मेहुणा शावकत याचे छातीवर हात ठेवून सलाम. आपला गुडघा, महबूबाआपाचा रक्तदाब आणि नव्या सुनेची नान (तंदूरला चिकटते ना आता?) यांची खुशाली कळवावी.

इकडे अक्सकालांनी, म्हणजे मोहल्ल्याच्या प्रमुखांनी, मला बजावले आहे. चायखान्याची मागची खोली माझ्या इंग्रजीच्या वर्गाला ठेवायची की बुद्धिबळवाल्यांना परत द्यायची, हे ते शनिवारी स्वतः वर्गात बसून ठरवणार. मी इंग्रजी कोणाच्या पायाशी बसून शिकलो नाही. अख्खा शब्दकोश वाचला (परिशिष्टांसह). खोली सोडणार नाही.

तयारीला ‘स्टॅग्नंट’ शब्द घेतला. म्हणजे साचलेले, पुढे न सरकणारे. पाण्याला लागतो, धंद्याला लागतो, पगारालाही. पण असला शब्द नाकातून शिरल्याशिवाय डोक्यात बसत नाही, म्हणून वर्ग जुन्या हौदावर नेला. गाळ ढवळून दाखवायला कुदळ घेतली. नोदिर न्हावी म्हणाला, “उस्ताद, माझ्या दुकानाला चालेल का हा शब्द?” मी म्हटले, गिऱ्हाईक येऊनही धंदा वाढत नसेल तर चालेल, गिऱ्हाईकच नसेल तर वेगळा शब्द आहे. “मग तो वेगळाच सांगा.”

आता हौदाकाठी कुदळ घेऊन पिकल्या मिशांचा माणूस दिसला की आमच्याकडे कोणी कारण विचारत नाही. हशर पुकारला, सगळ्यांनी मिळून काम उरकायचे, असे समजून जो तो फावडे घेऊन येतो. बघता बघता मोहल्ला गाळात उतरला. अहो हा धडा आहे, हात लावू नका, असे मी सांगत राहिलो. खोलमत नानवाला म्हणाला, “उस्ताद, बोलणं पुरे, खणा.” संध्याकाळी हौदात पाटाचे पाणी खळाळत होते, आणि हशर ज्याने पुकारला त्याने जेवू घालायचे म्हणून मी पुलाव शिजवत होतो. अक्सकाल बोटे चाटत म्हणाले, “शावकतजान, शनिवारचा धडा इथेच घे. हाच शब्द.”

बायको सानोबर म्हणते, पाणी वाहते झाले, आता शब्द बदला. बदलणार नाही.

आपला,
शावकत

ता. क. : आपल्या गिरणीमागचे डबके शाबूत आहे ना? शनिवारी वर्ग आणि अक्सकालांना घेऊन तिकडेच येतो. आपाला जेवणाचे सांगावे. (अक्सकाल चरबी खात नाही म्हणतात. खातात.)

दुसरा ता. क. : ते डबके आपण दर वसंतात बुजवणार असता. धड्याच्या वेळी आपणही काठावर उभे राहावे. शब्द माणसालाही लागतो, तेवढे दाखवायचे राहिले आहे.