न लागलेला हात

मी, सुलक्षणा देवदान भालेराव, वय ६६, अविवाहित, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार मुलुंड पूर्व, प्रभूला स्मरून हे मृत्युपत्र लिहिते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळचे कोणी नाही.

१. राहती खोली भाचा प्रांजल याला. तो नाताळला केक देऊन चपला न काढता दारातूनच परत जातो. तक्रार नाही, नोंद असावी. खोली विकण्याआधी त्याने एकदा तरी तिथे बसून जेवावे.

२. शिट्टी व स्टॉपवॉच शाळेच्या खो-खो संघाला. घड्याळ दोन सेकंद पुढे पळते, हे सांगून द्यावे.

३. १९८१ च्या जिल्हा खो-खो स्पर्धेतला उत्कृष्ट खेळाडूचा करंडक. याविषयी लिहिणे भाग आहे.

अंतिम सामन्यात शेवटचा गडी जयंती होती. शाळेपासूनची माझी मैत्रीण, त्या दिवशी समोरच्या संघात. वेळ संपत आली होती. मी झेप घेतली. तिची पाठ चार बोटे लांब राहिली, तरी मी हात वर केला. पंच पलीकडे होते. त्यांनी माझ्या हाताकडे बघून शिट्टी फुंकली. करंडक मला मिळाला, त्यावर नोकरीही. ती बाद झाली नसती तर दोन्ही जयंतीला मिळायचे होते. तिचे आयुष्य घाटकोपरला लोकांचे ब्लाऊज शिवण्यात गेले. ती रस्त्यात दिसली की मी वाट बदलत असे. पुढे कोणीही जवळ येऊ लागले की वाटे, आता त्या हाताबद्दल विचारणार. म्हणून कोणाला येऊ दिले नाही.

गेल्या ईस्टरनंतर आमचे पाळक किरण म्हणाले, "मावशी, करंडक घेऊन या. मुलांना एवढंच सांगा, हा काळा पडतो, स्वर्गातला मुगूट पडत नाही." मी सांगितले. टाळ्या पडल्या. बाकावर येऊन बसले, तेव्हा मनात आले, तिथला पंच सगळ्या बाजूंनी बघतो. मी कुठल्या मुगुटाची आशा धरून बसले आहे?

दुसऱ्या दिवशी घाटकोपरला गेले. जयंती मटार सोलत होती.

"जयू, त्या दिवशी हात लागला नव्हता."

"माहितीये. पाठ माझीच होती ना!"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. मग थांबायचंही सोडलं."

मी करंडक पुढे केला. तिने हातही लावला नाही. "घेऊन जा ते. चहा ठेवते."

सबब करंडक साकीनाक्याला पितळ वितळवतात तिथे द्यावा.

४. शवपेटीवर हार, पदक, काही ठेवू नये. पाळकांनी माझी शर्यत पूर्ण झाली असे म्हणू नये. मी कबुली दिली आणि दयेची वाट पाहते आहे, एवढे म्हणावे. बक्षीस मागण्याचे धाडस मला नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, वाचून सही केली आहे.

मुलुंड, १४ जून २०२५
सुलक्षणा दे. भालेराव

साक्षीदार:
१. नमिता शेट्ये, शेजारी.
२. जयंती तुकाराम म्हात्रे, घाटकोपर. (माझे शिवणयंत्र हिच्या नावे करणार होते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. त्यावर ती म्हणाली, "मग बरंच आहे. दे पेन.")