दुपारी एक वाजताची भूक

७ जुलै २०२५, सोमवार
वजन १०९. आज वजन कमी करायचं पहिलं इंजेक्शन. पोटात, स्वतःच्या हाताने. घाबरलो नाही. पायल म्हणते डोळे मिटले होते. ते एकाग्रतेसाठी. बायकोला हे कळत नाही.
क्लिनिकने सोबत समुपदेशकही दिल्या आहेत, सुनीती मॅडम. दर शनिवारी पेशंटांचा ग्रुप. वजन उतरताना मनालाही आधार लागतो म्हणे. हडपसरच्या ऑफिसात माझ्या हाताखाली बावीस इंजिनिअर आहेत. आधार मी देतो.
फॉर्ममध्ये प्रश्न: भूक नसताना का खाता? लिहिलं: लागू नाही.

१४ जुलै
भूक गेली. कॅन्टीनमध्ये वड्याकडे बघितलं, वड्याने माझ्याकडे बघितलं, दोघांनाही काही वाटलं नाही. डोक्यातली 'आता काय खाऊ' ही बडबड बंद. केवढी शांतता.
फक्त दुपारी एकला फोन वाजल्यासारखं वाटलं. वाजला नव्हता.

१८ जुलै
एक वाजता पुन्हा. रिंगटोन बदलला. जुनाच वाजला. हल्लीचे फोन बेकार.

२६ जुलै, शनिवार
ग्रुपला गेलो नाही. सुनीती मॅडमचा फोन. प्रज्ञेश सर, एकटे असताना कसं वाटतं? म्हटलं, हलकं. चार किलो हलकं. त्या म्हणाल्या, खाणं सुटलं की पुष्कळांचं खाण्याखाली दाबलेलं वर येतं. माझं काही वर आलेलं नाही. पप्पा २०२१च्या एप्रिलमध्ये गेले, कोविड वॉर्डात. ते मी केव्हाच पचवलंय.

५ ऑगस्ट
कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, स्वच्छ आहेत. फारच स्वच्छ असणार, म्हणून ऐकू येतं.
आता फोन बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवतो. ड्रॉवरमधून वाजतो. शेजारच्या टेबलावरच्या सुखदेवला विचारलं, ऐकलंस का? तर म्हणतो, "सर, तुम्ही काही खाल्लंय का?" विषय बदलणारी माणसं मला आवडत नाहीत.

१९ ऑगस्ट
९९! दोन आकडी! दोन दिवस नुसत्या ताकावर. क्लिनिकच्या तक्त्यात तीनदा जेवायला सांगितलंय, पण मी तक्त्याच्या पुढे आहे.
शिवाय जेवायला बसलं की समोर पप्पा बसल्यासारखे वाटतात. बोलत नाहीत. माझ्या ताटाकडे बघतात. म्हणून बसतच नाही. याला शिस्त म्हणतात.
आई म्हणाली, "वाळलास रे. अगदी ह्यांच्यासारखा दिसायला लागलास." कौतुकच असावं. आरसा मी झाकलेला नाही. त्यावर टॉवेल वाळत घातलाय.

९ सप्टेंबर, मंगळवार
मीटिंगमध्ये पडलो. चक्कर नव्हे, खुर्ची सरकली. एक वाजला होता. पडल्या पडल्या मी 'पप्पा, नंतर करतो' असं म्हणत होतो, हे सुखदेवने लगेच फोन करून पायलला कळवलं. तिने विचारलं, नंतर काय करतो? म्हटलं, ते गेले त्या दिवशी त्यांचा फोन आला होता, नेटवर्क नव्हतं. तिने क्लिनिकला फोन लावला.
डॉक्टरांनी या आठवड्याचं इंजेक्शन थांबवलं. आधी जेवण, आधी ग्रुप. ठीक आहे, जाईन. इतरांना प्रेरणा मिळेल. बारा स्लाइड केल्या. विषय: इच्छाशक्ती.

१३ सप्टेंबर, शनिवार
साडेबाराचा ग्रुप. आठ माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रोजेक्टर नाही. लॅपटॉप हातात धरून उभा राहिलो. दोन स्लाइड झाल्या. एक वाजला.
मग जे बोललो ते स्लाइडवर नव्हतं.
नेटवर्क होतं. दुपारी एकचा तो फोन मी उचलला होता. पप्पा म्हणाले, "भूक लागलीय रे. इथलं घशाखाली उतरत नाही. घरचा डबा पाठव ना." मी म्हटलं, पप्पा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो. मीटिंग संपली. मी जेवलो. पोटभर जेवलो. मग फोन केला. तो नर्सने उचलला.
चार वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. या वहीलाही नाही.
सुनीती मॅडमनी लॅपटॉप माझ्या हातातून घेतला. शेजारी लोणी काळभोरच्या यमुनाबाई होत्या. म्हणाल्या, "बसा सायेब. उभ्यानं सांगायचं न्हाई हे." थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून डबा काढला. अर्धी भाकरी, मेथीची भाजी. "डाक्टरनं खायाच पायजे म्हणून सांगितलंय. पर एकटीला घास जात न्हाई."
त्यातली चतकोर खाल्ली. वीस मिनिटं लागली. त्या थांबल्या.
घरी आलो. वजन केलं नाही. पायलने विचारलं, भाषण कसं झालं? म्हटलं, पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावलंय.
सगळ्यांनाच बोलावतात.